कफ हटाव मोहीम

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून कफ हटाव मोहीम. रेडिएशन संपून सहा महिने होत आले. घशाचा कॅन्सर गेला, डॉक्टरांनी स्वतः उठून हात मिळवला. राहिला तो कफ. कॅन्सरला पळवून लावलेल्या माणसाने कफापुढे हात टेकायचे म्हणजे काय?
प्रोग्रॅम असा. उठल्याउठल्या सोडा-मिठाच्या गुळण्या. मग वाफ. दिवसभर घोट घोट पाणी. बडबड बंद. आमच्या हॉलवर महिनाअखेरच्या लिलावाला हातोडा माझ्या हातात असणार. ठरलं म्हणजे ठरलं.

२ फेब्रुवारी, दुपार
गुळण्या राहिल्या. सोडा सापडला नाही. बायको म्हणाली, तुमच्या नाकासमोर आहे. असेल. नाकासमोरचं न दिसणं हा काही घशाचा आजार नव्हे. उद्यापासून नक्की.

५ फेब्रुवारी
वाफ घेतली. कफ सुटला, वर आला आणि टाळूला जो चिकटला तो चिकटलाच. शेवटी बोट घालून ओढला, तर ही लांब तार! नेमकी मुलगी व्हिडिओ कॉलवर. म्हणाली, बाबा, प्लीज, कॅमेरा तरी वळवा. बाप लढतोय, त्याचं कौतुक नाही.
थुंकीत लालसर रेघ होती. नवा ब्रश फार कडक आहे, हिरडी सोलली असणार. जुना ब्रश पुन्हा काढला.

८ फेब्रुवारी
मेहुणा येऊन गेला. बायकोचा धाकटा भाऊ. मी आजारी पडल्यापासून हॉलवर जुन्या सामानाचा लिलाव तोच पुकारतो. पुकारतो कसला, पुटपुटतो! मी त्याला मौनीबाबा म्हणतो. गिऱ्हाइकं त्याला सरावलीत म्हणे. सरावतील नाही तर काय करतील बिचारी.
माझी गोष्टच वेगळी. बोली थंडावली की मी फक्त एकदा खाकरायचो. एकदाच. सगळ्या हॉलला ठाऊक, साहेब खाकरले, आता हातोडा पडणार. मग काय भराभर हात वर व्हायचे! ही कला आहे. मौनीबाबाला शिकवतो म्हटलं. तो म्हणाला, भाऊजी, तुम्ही आधी नीट बरे व्हा. आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिला. मी कॉलर वर केली.

११ फेब्रुवारी
डावा कान ठणकतोय. दोष उशांचा. कफ घशात साचू नये म्हणून उशांचा ढीग रचून झोपायचं, मग मान अवघडणार, मान अवघडली की कान दुखणार. साधी गोष्ट आहे. बायको म्हणाली, कान तर उशा आणायच्या आधीपासून दुखतोय. हिच्या लक्षात नको ते बरोबर राहतं.

१४ फेब्रुवारी
हॉस्पिटलमधून फोन. चेकअपची तारीख द्यायची म्हणत होते. नाकातून दुर्बीण घालून घसा बघतात तो प्रकार. मी सांगितलं, बाहेरगावी आहे, पुढच्या महिन्यात बघू. बायकोला सांगितलं, डॉक्टर रजेवर आहेत.
यात घाबरण्याचा प्रश्न येत नाही. आत्ता दुर्बीण घातली तर नुसता कफ दिसणार. घर आवरल्याशिवाय आपण कोणाला आत घेतो का? आधी कफ काढू, मग खुशाल बघा म्हणावं.

१८ फेब्रुवारी
पँट कमरेवर राहीना. बेल्टला खिळ्याने आणखी एक भोक पाडलं. चामडं जुनं झालं की सैल पडतं.
जेवताना सूप अडकलं. सूप! कफच, दुसरं काय. पाण्याने खाली लोटलं, डोळ्यांतून पाणी आलं. बायको हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत होती. मी ओरडलो, बघतेस काय? म्हणजे ओरडायला गेलो. ती उठली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला लागली. साबण फुकट.

२१ फेब्रुवारी
विजय! कफ हटला! तार येत नाही, थुंकी पाण्यासारखी. गुळण्या मनावर घेतल्याचा परिणाम. (कालच्या राहिल्या. परवाच्याही.)
फक्त सारखं खाकरावंसं वाटतं. आत काहीतरी चिकटून बसलंय आणि निघत नाही. शेवटचा चिवट तुकडा असणार. जाता जाता त्रास देणारच.
आरशासमोर तालीम केली. एकवार, दोनवार झकास. तीनवारला आवाज चिरकला. शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, कोणी पडलं का? मी हसून सांगितलं, प्रॅक्टिस चाललीय. त्या हसल्या नाहीत.

२६ फेब्रुवारी, सकाळ
आज लिलाव. कोट चढवला. खांदे ढगळ दिसतात. ड्रायक्लीनिंगवाल्याने ताणून ठेवलेत.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ
सविस्तर नंतर लिहीन. थोडक्यात, उत्तम झालं. विक्रमी बोली.
झालं असं की पहिलंच टेबल काढलं, एक पाय डुगडुगता. बोली सुरू होतेय न होतेय तोच घशातल्या त्या तुकड्याने उचल खाल्ली. खाकरलो. हॉलला वाटलं, हातोडा पडतोय! धडाधड हात वर. पुन्हा खाकरलो, पुन्हा हात. डुगडुगत्या टेबलाला नव्याचा भाव आला. टेबलाचा मालक मला नमस्कार करायचा तेवढा राहिला होता.
चार लॉट असेच गेले. मग लोक शहाणे झाले. खाकरलो तरी कोणी हात हलवेना, साहेबांना खोकला आहे म्हणून गालात हसत बसले. भिंतीवरचं मोठं घड्याळ आलं तेव्हा मी खरोखरचा, इशारा म्हणून खाकरलो आणि हातोडा पाडला. आमचे वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक, घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारबुवा, हात वर करायचे राहून गेले. ते त्याच घड्याळासाठी सकाळपासून पहिल्या रांगेत बसले होते. हॉलमध्ये एकच गलका. मी बोलायला गेलो, नुसती हवा बाहेर आली. मौनीबाबाने माझ्या हातातून हातोडा अलगद काढून घेतला. आता त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. माईक नवीन घेतला असेल.

२७ फेब्रुवारी
म्हातारबुवा घरी आले. वाटलं, भांडायला आले असतील. मी जबाब तयार ठेवला होता. पण घड्याळाचं नाव काढलं नाही त्यांनी. म्हणाले, साहेब, माझ्या भावालाही असंच सारखं खाकरावंसं वाटायचं. मी म्हटलं, मग कशाने गेलं त्यांचं? ते चहा संपवून उठले, चप्पल घालताना बायकोशी हळू आवाजात काहीतरी बोलले.
माझं कफाचं आहे. त्यांच्या भावाचं वेगळं असेल.

१ मार्च
हॉस्पिटलचा पुन्हा फोन. बायकोने उचलला. बाहेरगाव, रजा, सगळं उघडं पडलं. आता घर डोक्यावर घेणार म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन बसलो. बाहेर आलो तर ती माझ्या शर्टाला इस्त्री करत होती. म्हणाली, उद्याची वेळ मिळालीय. बास, एवढंच. लग्नापासून आजवर हिने मला इतकं स्वस्तात कधी सोडलेलं नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२ मार्च
डॉक्टर एरवी बोलघेवडे. दुर्बीण नाकात घालेपर्यंत त्यांच्या नव्या कुत्र्याचं पुराण चालू होतं. मग थांबलं. स्क्रीनकडे बघत राहिले. मी आपणहून खुलासा केला, थोडा कफ आहे, तेवढा सोडून बघा.
ते म्हणाले, कफ अजिबात नाही. घसा स्वच्छ आहे, म्हणून तर सगळं नीट दिसतंय.
मग विचारलं, कान कधीपासून दुखतोय? मी म्हणालो, आठवडाभर. ते म्हणाले, वहिनींना आत बोलवा. मी म्हणालो, बाहेर गर्दी आहे, मुश्किलीने खुर्ची मिळालीय तिला, बसू दे. ते म्हणाले, बोलवा. दार उघडलं, हाक मारायला तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. गरजही पडली नाही. ती दाराकडेच बघत होती, पर्स उचलून आत आली. कानाचं तिनेच सांगितलं. तीन महिने म्हणाली.
उद्या उपाशीपोटी जायचंय. बायोप्सी आणि मानेचा स्कॅन. मेहुण्याला फोन करून कळवलं, हॉल तूच बघ.
घरी आल्यावर तिने चहा ठेवला. मग मी तिला म्हणालो, मला भीती वाटतेय. ती म्हणाली, मला केव्हापासून वाटतेय, तुम्ही कधी बोलता याची वाट बघत होते.