उलटलेली बाही

सोमवार, ३ तारीख

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आठ महिने तू माझा फोन उचलत नाहीस, त्यामुळे ते साठून राहिलेत. सगळे एकदम घे. इकडे सर्व ठीक. तुझे भावोजी ठीक, त्यांचा गुडघा ठीक, दुकानातली दोन्ही मशिनं ठीक. शाळेच्या गणवेशांची घाई चालली आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी तिसऱ्यांदा खिशाची जागा बदलली, तेव्हा मी म्हटलं, "बाई, छाती होती तिथंच आहे, खिसाच का फिरतोय?" त्या हसल्या नाहीत.

हे मी उभ्यानं लिहितेय, कापायच्या टेबलावर. का, तेच सांगायचंय. पण आधी इकडचं तिकडचं लिहिल्याशिवाय हात वळत नाही, तेवढं चालवून घे.

तर, मला दोन वर्षं मूळव्याध होती. म्हणजे मी सगळ्यांना तसं सांगत होते. तुझे भावोजी मलमं आणत राहिले. वर म्हणायचे, "बसून काम करणाऱ्यांचा दागिनाच आहे तो." म्हटलं, मग घाला तुम्हीच!

संडासला बसून कुंथलं की काहीतरी बाहेर यायचं. लाल, ओलं, लिंबाएवढं. आधी ते आपोआप आत जायचं. मग बोटानं ढकलावं लागायला लागलं. मग नुसतं खोकले किंवा कापडाचा तागा उचलला तरी बाहेर. आणि पुढे (हे वाचून झालं की पत्र फाड) कपडे खराब व्हायला लागले. कळायचंसुद्धा नाही गं. माप घेताना गिऱ्हाईक जरा नाक उडवतंय असं वाटलं, की मी टेप गुंडाळून दोन पावलं मागे सरायचे.

डॉक्टरकडे का गेले नाही? अगं, मी पडले शिवणारी. सुटलं ते आवळायचं, एवढंच मला येतं. मी पट्टा शिवला. दुहेरी कापड, मध्ये फोम, दोन्ही बाजूंनी रुंद इलॅस्टिक. तीन नमुने बिघडले, चौथा बसला. खरं सांगू? मला त्याचा अभिमान होता. वर्षभर तो घालून मी बारा-बारा तास मशीनवर बसले आणि स्वतःची पाठ थोपटली.

गेल्या मंगळवारी ते बाहेर आलं ते आत जाईना. सुजलं, जांभळं पडलं. रिक्षात एका कुशीवर पडून हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरीण आपल्या लेकींच्या वयाची. तिनं पट्टा चिमटीत उचलला.

"काकू, हे कुठून घेतलंत?"

"माझंच काम."

"शिलाई सुंदर आहे. टाकून द्या." मग नर्सला म्हणाली, "साखर आणा."

मला वाटलं, हिला भोवळ आली. पण खरंच साखर पसरली गं तिथं! साखर पाणी ओढून घेते, सूज उतरते म्हणे. मी रडत होते, तरी म्हटलं, "आता चहाही टाका." ती म्हणाली, "टाकू. पण हा उद्योग घरी करायचा नाही." अर्ध्या तासानं तिनं हळूच सगळं आत सारलं.

मग समजावलं. मूळव्याधीत शिरा फुगतात, त्यांचे वेगवेगळे कोंब दिसतात. माझं ते नव्हतंच. तिनं आपल्या पांढऱ्या कोटाची बाही आतून धरून उलटी ओढली. "आतड्याचं शेवटचं टोक असं उलटून बाहेर येतंय. गोल वळ्या दिसतात, त्यावरून ओळखतात. धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेत." कशानं? बाळंतपणं, वय, वर्षानुवर्षं कुंथणं. लागली तरी 'एवढी शिवण संपवू' म्हणून तीस वर्षं दाबून धरायचे, हेही मी कबूल केलं. दोन वर्षांपूर्वी आला असतात, तर एवढं वाढलं नसतं, असं ती म्हणाली. रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

ऑपरेशन करायचंय. पोटाला बारीक छिद्रं पाडून, दुर्बिणीतून बघत, आतडं वर ओढायचं आणि कमरेमागच्या हाडाला टाके घालून बांधायचं. मी विचारलं, "धागा विरघळणारा की पक्का?" "पक्का." एवढं ऐकून बरं वाटलं. मग विचारलं, "ताबा परत येईल?" "बऱ्याच जणींना येतो. काही महिने लागतात. सगळ्यांना पूर्ण येतोच असं नाही." त्या दिवसापासून मी हे शेवटचं वाक्यच पाठ म्हणतेय.

आता तुझ्या लेकीच्या लग्नाचं.

मी भाचीचा पोशाख शिवला, भावोजींच्या हाती पाठवला आणि स्वतः आले नाही. "ताईला गिऱ्हाईक प्यारं, भाची नाही," असं तू चारचौघांत म्हणालीस. भावोजींनी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तेवढी त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे. घाईचं काम आल्याची थाप मीच त्यांना मारली होती. काम नव्हतं गं. बॅग भरून दाराशी ठेवली होती. मी न्हाणीघरात उकिडवी बसून होते. सहा तासांची बस, मग मांडव, फोटो, तुझ्या विहीणबाईंच्या शेजारची खुर्ची, आणि त्या खुर्चीवरून उठताना मागे काही राहिलं तर? तुझी मान खाली गेली असती. मग तू रागावलेलीच बरी, असं मी ठरवलं. तुला न विचारता.

दाखल होताना एक कागद भरायचा असतो. त्यात 'सोबत कोण राहणार' असा रकाना आहे. तुझे भावोजी सुई बघून पेशंटच्या आधी आडवे होतात, हे तुला ठाऊक आहे. पण खरं कारण ते नाही. भूल उतरल्यावर मला कुणी पुसून काढायची वेळ आलीच, तर तो हात तुझा असावा असं वाटलं. रकान्यात तुझं नाव लिहून मोकळी झालेय. खोडायचं असेल तर फोनवर चालणार नाही, स्वतः येऊन खोड. सतरा तारीख, सकाळी सात.

तुझी,
भ्यालेली ताई