बाप्पासाठी गाड्या थांबतात

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी वडखळच्या रस्त्यावर अजून तुमचंच चालतं, याचा मला अगदी वैताग आला आहे. गणपती पेणहून सायकलवरूनच आणायचा, हा तुमचा हट्ट. आई कॅरिअरवर, तिच्या मांडीवर रुमालाने झाकलेली मूर्ती, आणि तुम्ही हमरस्त्याच्या मधोमध, कारण कडेच्या खड्ड्यांनी बाप्पाला हिसका बसतो. मागून ट्रक येतो. आई म्हणते, "अवो, जरा कडेला घ्या." तुम्ही वळूनही बघत नाही. "बाप्पा हाय ना. थांबंल तो." आणि तो मेला खरंच थांबायचा. तेव्हा गाड्या मोजक्या, ड्रायव्हर ओळखीचे. वर्षातून एक दिवस मिळालेला मान तुम्ही बाराही महिने गृहीत धरलात, आणि अंगावर ओरखडाही न येता, म्हातारे होऊन अंथरुणात गेलात. आता तुमच्याशी भांडायचं तरी कसं?

दादाने साठी कधीच ओलांडली. यंदा मी रोह्याहून माहेरी आले आणि रिक्षा ठरवली, तर याने ती परत पाठवली. "रिक्षात बाप्पा आदळतो गो. अण्णांनी आणला काय कधी रिक्षातून?"

"अण्णांच्या वेळी हे कंटेनर होते काय रे?"

"तू नको येऊ. मी कॅरिअरला बांधून आणतो."

बाप्पाला सुतळीने बांधलेलं मला बघवलं नसतं, म्हणून या वयात मी आईच्या जागी जाऊन बसले. स्वतःचाच राग येत होता. वडखळच्या अलीकडे मागून टँकर हॉर्न देत आला. मी ओरडले, कडेला घे. "थांबंल गो," म्हणाला. अण्णा, मागून येणाऱ्याला बाप्पा दिसतो कुठे? त्याला दिसते माझी पाठ. टँकर थांबला नाही. त्याच्या वाऱ्यानेच आम्ही रस्त्याखाली चिखलात गेलो. दादाचा गुडघा सोलवटला. उठताच पहिलं विचारलं काय, तर "मूर्तीला काय झालं नाय ना?"

मी नाय म्हटलं. रुमालाखाली बाप्पाचं तुटलेलं बोट माझ्या मुठीत होतं. घरी आतल्या खोलीत नेऊन मी ते गोंदाने चिकटवलं, वर रंग फिरवला. भंगलेली मूर्ती पुजू नये, हे तुम्हीच शिकवलंत. पण खरं सांगितलं असतं तर हा गुडघ्याला फडकं बांधून त्याच सायकलवर पुन्हा पेणला गेला असता. तेवढं मला टाळायचं होतं, आणि ते टळलं.

आता मूर्तीला साधा धक्का लागला नाही, बाप्पाने सांभाळलं, पुढच्या वर्षीही सायकलच, असं तो येईल त्याला सांगतो आहे. हे तुम्हाला पाठवता येत नाही. ज्याला वाचून दाखवायला हवं, तो बाहेर पडवीत सायकलला तेल घालतो आहे, आणि त्याच्यासमोर जायची माझी हिंमत होत नाही.