चौथ्या प्रश्नाचं उत्तर

निशी-कसाई, टोकियो
शनिवार, १९ एप्रिल २०२५

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. तुझं पत्र मागच्या आठवड्यात मिळालं. आम्ही तिघंही मजेत आहोत. केतकीचा खोकला गेला. चैत्राली सहावीत गेली आणि एकदम मोठी झाली. मराठीत काही विचारलं की उत्तर जपानीत देते. "आत्याचं पत्र आलंय गं," म्हटलं तर "हाइ, हाइ", म्हणजे हो-हो, म्हणून सायकल घेऊन पसार झाली. संध्याकाळी बघतो तर तुझं पत्र पुढ्यात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवत बसलेली. "आत्याचा 'क्ष' छान आहे," म्हणाली. तेवढं मराठीत.

दाजींचा गुडघा कसा आहे? जिना चढतात का आता?

तू फोनवर विचारलं असतंस तर दहा मिनिटांत सांगून टाकलं असतं. पण तुला कागद हवा, फाइलला लावायला. निवृत्तीला सहा आठवडे राहिलेत आणि विस्तार अधिकारी बाई अजून फाइली लावतायत! केंद्राच्या शिक्षण परिषदेत तू जपानच्या शाळांवर बोलणार, म्हणून धाकट्या भावाला चक्क नंबर घालून चार प्रश्न पाठवलेस. कारभार कोणाकडे, पैसा कोणाचा, मुलांना येतं काय, आणि चौथा, तिकडेही निनावी अर्ज येतात का रे, आले तर त्यांचं काय करतात. अवघड प्रश्न शेवटी सोडवावा हे तूच शिकवलंस, म्हणून तो शेवटी.

तर कारभार. आपल्या पंचायत समितीच्या जागी इथे वॉर्ड आहे असं समज. वॉर्डाला स्वतःचं शिक्षण मंडळ असतं. त्याचा प्रमुख आणि सदस्य महापौर नेमतो, पण वॉर्डाच्या सभेची संमती लागते. एकदा नेमल्यावर महापौराने रोजच्या कामात नाक खुपसायचं नाही, निदान कागदावर तरी. शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या मात्र वरून, टोकियो महानगराकडून होतात. काही वर्षं झाली की बदली ठरलेलीच. मार्चच्या शेवटी नावं कळतात, पोरं रडतात, बाईही रडतात आणि एप्रिलमध्ये नव्या बाई येतात. हे तुला नवीन नाही.

पैसा. शिक्षकांच्या पगाराचा तिसरा हिस्सा देश देतो, उरलेला महानगर. इमारत, डागडुजी, पुस्तकं, पोहण्याचा तलाव हे वॉर्डाकडे. दुपारचं जेवण आता मोफत झालंय. पण ते वाढायचं मुलांनीच, पांढरे डगले आणि टोप्या घालून, आणि वर्ग, व्हरांडा झाडायचा तोही मुलांनीच. चैत्राली शाळेत गुडघ्यावर बसून फरशी पुसते. घरी स्वतःचा मोजा उचलत नाही.

मुलांना येतं काय? सहावीला देशभर एकच चाचणी असते, ती चैत्रालीने याच आठवड्यात दिली. आमची शाळा निकालात मधोमध असते, ना वर ना खाली. पण एप्रिलमध्ये सहावीतली पोरं पहिलीतल्यांचा हात धरून त्यांना शाळेत आणतात, दप्तर कसं ठेवायचं ते दाखवतात, त्याला कुठे गुण नाहीत. ते बघताना मला दरवर्षी तू आठवतेस. खालच्या वाडीच्या शाळेत तू नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होतीस आणि मी पहिलीत. पाटीवर मी 'चंदू' लिहून पळायला बघायचो आणि तू दारात उभी राहायचीस. "चंद्रशेखर लिही. माणसाने आपलं नाव पूर्ण लिहावं." मी रडायचो. एवढं मोठं नाव ठेवलंच कशाला म्हणून बाबांवर चिडायचो. तू हात धरून लिहून घेतलंस तेव्हा सोडलंस.

चौथा प्रश्न. तसे अर्ज इथे येत नसावेत. लोक शिस्तीचे आहेत.

३१ मेला तुझ्या निरोप समारंभात मी दोन शब्द बोलावेत असं तू लिहिलंयस. "माझा पहिला विद्यार्थी म्हणून तू बोल, भाऊ म्हणून नको." त्याबद्दल नंतर कळवतो. ऑफिसात रजेचं बघावं लागेल.

केतकी आणि चैत्रालीचा नमस्कार.

चंदू


सोमवार, २१ एप्रिल

ताई,

वरचं पत्र पाकिटात घालून दोन दिवस टेबलावर ठेवलं होतं. पोस्ट स्टेशनच्या वाटेवरच आहे, पण टाकलं नाही. आज पाकीट फाडलं. रजेचं काही बघायचं नाहीये, रजा कधीच मंजूर झाली आहे. आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी खोटं लिहिलं.

येतात. इथेही निनावी अर्ज येतात. एक तर मीच वाचला, सगळ्यांसमोर.

झालं असं. इथे पालक संघाचं काम कोणालाच नको असतं. गेल्या वर्षी वर्गात कोणी हात वर करेना, तेव्हा रीतीप्रमाणे जानकेन झालं. म्हणजे आपलं दगड-कागद-कात्री. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे आई-बाप पायात घरच्या सपाता घालून, गोल करून, मुठी आपटत होते. मी तीनदा दगड काढला आणि तीनदा हरलो. केतकी म्हणाली, "तू नेहमीच दगड काढतोस." तर मी झालो पालकांचा प्रतिनिधी आणि बसलो नेमका शाळेच्या भवितव्याच्या समितीवर.

कारण आमच्या शाळेचा पट घसरलाय. प्रत्येक इयत्तेला एकच तुकडी, दुसरीत तर तेरा मुलं. कालव्यापलीकडच्या शाळेत ही विलीन करावी असा प्रस्ताव आहे. हे वाचून तुला हसू आलं असेल. मला आलं नाही.

ताई, मी त्या समितीत वर्षभर बसलो. मुख्याध्यापिका कुरामोची-सेन्सेई दर बैठकीला एक जाड वही आणायच्या. कोणतं मूल कुठे राहतं, त्याला किती चालावं लागेल, कुठला रस्ता ओलांडावा लागेल, सगळं त्यात. शाळा वाचावी म्हणून त्यांनी दोनदा मंडळाला लिहिलं होतं, हे मला मंडळाच्या माणसाकडून कळलं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. पण तेरा मुलांच्या वर्गात फुटबॉलचे दोन संघ होत नाहीत, भांडण झालं तर दुसरी मैत्रीण मिळत नाही, हे त्यांनी शांतपणे मांडलं. शेवटी मतं घेतली तेव्हा मी विलीनीकरणाच्या बाजूने हात वर केला. हो, मी. चैत्रालीने त्या रात्री माझ्याशी बोलणं टाकलं.

मत देण्याआधी लोकांच्या लेखी हरकती वाचायच्या होत्या. एक इंग्रजीत होती, खाली नाव नव्हतं. आपल्याकडच्याच कोणा पालकाची असणार. जपानीत करून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मुलांचं चालणं, रहदारी, आठवणी, सगळं ठीक होतं. शेवटी मात्र दोन वाक्यं कुरामोची-सेन्सेईंबद्दल होती. निवृत्त होताहोता वरच्यांना खूश करायला यांनी शाळा विकली, यांना मुलांची माया नाही, अशा अर्थाची. त्या माझ्यासमोर तीन हातांवर बसलेल्या. मी ती दोन वाक्यं गाळली आणि खाली बसलो. मला वाटलं, मी चांगलं केलं.

त्या उभ्या राहिल्या. मला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "चंद्रशेखर-सान, तसदीबद्दल आभार. शेवटची दोन वाक्यं राहिली. तीही वाचा, कोणीतरी कष्ट घेऊन लिहिली आहेत." पूर्वी त्या इंग्रजी शिकवायच्या हे मला ठाऊकच नव्हतं.

मी वाचली. त्या मान खाली घालून वहीत लिहून घेत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "हे लिहिणाऱ्याची ही शाळा फार आवडती असणार. मला त्यांना उत्तर द्यायचं होतं. पण खाली नाव नाही, पत्ता नाही. उत्तर कुठे पाठवू?"



आता तुझ्याबद्दल लिहितो. तीन वर्षांपूर्वी खालच्या वाडीची शाळा बंद झाली. पट नऊ. अहवाल तुझ्या सहीने गेला. आठवड्याभरात तुझ्याविरुद्ध जिल्ह्याला अर्ज गेला, खाली 'समस्त ग्रामस्थ'. सात महिने तुझी चौकशी चालली. काही सापडलं नाही, पण तोवर तुझी बदली झाली होती, जाऊन-येऊन चार तास बसचे. दाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी तुला सुट्टी मिळाली नाही.

तो अर्ज मी लिहिला, ताई.

वाडीतून प्रथमेशचा फोन आला होता. "तुझं मराठी चांगलं, तू लिहून दे, पाठवायचं आम्ही बघतो." अधिकारी कोण आहे हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही. मला राग आला होता. ज्या वर्गात तू माझा हात धरलास त्याला तूच कुलूप लावलंस, म्हणून. मी इथे, साडेसहा हजार किलोमीटरवर, गरम पाण्याच्या टबातून उठून येऊन तासाभरात तो अर्ज लिहिला. माझी मुलगी त्या शाळेत जाणार नव्हती, जाणाऱ्या नऊ मुलांची नावंही मला माहीत नव्हती. तुला होती. त्यांच्यासाठी तू गाडी लावून घेतलीस, शाळा वाचवायला तीन वेळा वर लिहिलंस, हे मला नंतर दाजींनी सांगितलं. तेव्हाही मी "असं का?" एवढंच म्हणालो.

गाळलेली दोन वाक्यं वाचायची असतात, म्हणून माझी दोन वाक्यं इथे लिहितो. तुझ्या फाइलमध्ये असतीलच. 'सदर अधिकारी याच वाडीत लहानाच्या मोठ्या झाल्या असून वाडीतील मुलांविषयी त्यांना कोणतीही आपुलकी उरलेली नाही. बढतीच्या लोभाने त्यांनी आपल्याच शाळेचा गळा घोटला आहे.'

हे मी तुझ्याबद्दल लिहिलं. आई गेल्यावर माझे डबे भरणाऱ्या, कॉलेजच्या फीसाठी बांगड्या मोडून "मला आवडतच नव्हत्या" म्हणणाऱ्या तुझ्याबद्दल. मला माझी लाज वाटते, ताई. तीन भाऊबिजांना मी तुला फोन केला, तिन्ही वेळा सांगायचं ठरवलं, तिन्ही वेळा हवापाण्यावर बोललो.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. चौकशी सुरू होती तेव्हा तू फोनवर म्हणाली होतीस, "अर्ज वाईट आहे रे, पण लिहिलाय नीट. एक चूक नाही. कोणीतरी मन लावून शिकवलेलं पोर दिसतंय." आणि हसली होतीस. तुला तेव्हाच कळलं होतं का? म्हणूनच आता चौथा प्रश्न घातलास का? घातला असशील तर दारात उभी राहून तू माझी वाट बघतेयस आणि मी अजून तसाच पळायला बघतोय.

३१ मेचं तिकीट काढलेलं नाही. त्या दिवशी उभं राहून तुझ्याबद्दल चांगलं बोलायचा हक्क मला आहे की नाही, हे तू ठरव. ये म्हणालीस तर येईन, आणि जे इथे लिहिलंय ते आधी तिथे सांगेन, वाडीसमोर, प्रथमेशसमोर. नको म्हणालीस तर येणार नाही, आणि तुझ्यावर रागावणारही नाही. हे पत्र फाइलला लाव. परिषदेत वाचायचं असेल तर सगळं वाच, काही गाळू नकोस.

मागच्या वेळी उत्तर पाठवायला तुझ्याकडे पत्ता नव्हता. या वेळी पाकिटावर मागे लिहिला आहे. आणि खाली नावही लिहितोय, पूर्ण, तू दारात उभी आहेस असं समजून.

समस्त ग्रामस्थांपैकी एकटाच,
तुझा भाऊ
चंद्रशेखर