सेलूच्या टोकाची तार

मंगळवार, ८ जानेवारी १९८५. मानवत, संध्याकाळ.

हाताला अजून जळका वास यायलाय. नवी तार परवडत नाही, म्हणून परभणीत विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार गुंडाळून भरणाऱ्या मामूंकडं त्यातनं निघालेली जुनी तांब्याची तार बघितली. हौशी रेडिओच्या एरियलला चालते. एक एरियल माझ्या घरावर, दुसरं सेलूला माझा दोस्त मिलिंदच्या, आणि मग दोघांनी रोज बोलायचं, असं ठरलं होतं.

मी आधी बाजारात माकडवाल्यापाशी रेंगाळलो. दुकानात पोचलो तर मिलिंद उभाच.

"माझी तार घेऊ नको. रेडिओच्या परवान्याच्या चौकशीला पोलीस आले होते. बाबांनी एरियलचा बांबूच उतरवला."

"अरे, चौकशी सगळ्यांचीच होते. आमच्याकडं हवालदार चहा पिऊन गेला."

"तुमच्याकडं पितात रे चहा. नामांतराच्या वेळी बाबांना घरातूनच उचललं होतं."

हे मला माहीत होतं का? होतं. विसरलो होतो. वाईट वाटायला पाहिजे, पण काहीच वाटंना. तार चाचपून हाताला लागलेला वास हुंगत उभा राहिलो.

मामू म्हणाले, "बोलो नवाब, एक की दो? अकेला किससे बात करेगा, कौवों से?" मिलिंद हसला.

मी एकच सांगितली.

स्टँडवर मिलिंद म्हणाला, "तुझी उंच बांध. आमच्या ट्रान्झिस्टरवर तुझा आवाज येतो का बघतो."

बरं म्हणालो. आवाज आला, तर ते तो मला कसं कळवणार, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.