आडनाव विचारल्यावर

शनिवार, सप्टेंबर २०१०. लंडन, ऑन्टारियो, कॅनडा.

हसून हसून गाल दुखतायत, बूट काढायचंही त्राण नाही. आज सोरॉरिटीत, म्हणजे आमच्या युनिव्हर्सिटीतल्या मुलींच्या क्लबात, नव्या मुली घ्यायचा शेवटचा दिवस. दुपारभर लेमोनेड देत तेच ते विचारायचं: मेजर विषय काय, राहतेस कुठे. त्यात एक पुण्याची निघाली, सई. मी मराठीत बोलले तशी तिने माझा हातच धरला. "अय्या, तू पण! आईला सांगते आज." मलाही किती बरं वाटलं. मग लगेच, "आडनाव काय गं तुझं?"

"कांबळे."

"ओह. ओके." हात सुटला. लेमोनेड मस्त आहे म्हणाली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली.

संध्याकाळी सईच्या नावावर मतं घेताना आमची प्रेसिडेंट जेन म्हणाली, "तुम्ही दोघी सेम प्लेसच्या ना? मग तूच ठरव." तिला काय समजावणार, कुठून सुरुवात करणार? मी नुसतं नाही म्हटलं असतं तरी कोणी कारण विचारलं नसतं. पण तो हात... किती पटकन सोडला.

मी हो म्हणाले. मोठं मन वगैरे काही नाही. सोरॉरिटीत एकमेकींना सिस्टर म्हणायची पद्धत आहे. म्हणू दे आता मला रोज.