बारावा तुकडा

१४ ऑक्टोबर
आपल्या घरून

प्रिय वेंदो,

तब्येत बरी असेल अशी आशा करते. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून दिलंस, तर माझा इलाज नाही. फोडलं असशील तर शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं.

इकडे यंदा आलुबुखार इतके आले की मुरंब्याला बरण्या पुरल्या नाहीत. आईच्या थडग्याचा दगड एका अंगाला खचला होता, तो नीट बसवून घेतला. माझ्या यूलियाचा नवरा रादोवान अजून अणुवीज केंद्रातच आहे, टर्बाइनवर. तू कोशित्सेच्या डेपोत ट्रामचे ब्रेक तपासतोस, असं यूलियाकडून कळलं. बरं वाटलं ऐकून. गाडी सोडायची की नाही, हे तुझ्या हातात असलेलं बरं.

अणुभट्टीची दर दहा वर्षांची तपासणी यंदा पुन्हा आली. भट्टीने चाळिशी ओलांडली. आणखी दहा वर्षं चालवायची की नाही, ते ठरायचं आहे. मागच्या वेळी, भट्टीचं इंधन ज्यात असतं त्या भांड्याच्या पोलादाच्या अहवालावर प्रयोगशाळाप्रमुख म्हणून माझी सही होती, म्हणून निवृत्त असूनही जूनमध्ये मला बोलावणं आलं.

तपासायला आलेली बाई तिशीची, हेन्रिएता नावाची. आवाज अगदी हळू. म्हणाली, "इंजिनिअरबाई, भट्टीतून तुकडे काढले बारा. आलेखावर ठिपके अकरा आहेत."

"शेजारी शेरा आहे बघा," मी म्हटलं. "तंत्रज्ञाची चूक. तुकडा तिरका बसवला होता."

"तंत्रज्ञाचं आणि तुमच्या वडिलांचं आडनाव एकच दिसतंय."

"भाऊ आहे माझा."

"मग त्यांनाच विचारू या का?"

"तो बोलत नाही आमच्याशी."

"का?"

डोकं दुखतंय सांगून मी घरी आले.

वेंदो, तुला सगळं पाठ आहे. तरी मला एकदा लिहू दे. जाड काचेपलीकडे यांत्रिक हातांनी तू एकेक तुकडा हातोड्याखाली ठेवत होतास आणि मी आकडे टिपत होते. भांड्याच्याच पोलादाचे तुकडे, भांड्याबरोबर वर्षानुवर्षं किरणांचा मारा सोसलेले. ते जितके सहज तुटतील तितकं भांडं ठिसूळ. अकरा ठीक गेले. बारावा, वेल्डिंगच्या जोडाचा, काचेसारखा फुटला. तू मागे वळून म्हणालास, "ताई, हा आकडा लिही."

आकडा मी लिहिला. शेरा दुसऱ्या दिवशी लिहिला.

आपले वरिष्ठ ओंद्रुशेक साहेब यांनी लिहायला लावला असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. तेही खरं नाही. ते फक्त म्हणाले, "द्राहा, अकरा चांगले आणि एकच वाईट? काहीतरी कारण असणार, शोधा." कारण मी शोधलं. हाताशी तूच होतास.

हातोडा त्या दिवशी सकाळी मी स्वतः तपासला होता. बिनचूक होता. आणि तुकडा तू सरळ बसवला होतास. मी काचेला नाक लावून उभी होते, मला दिसत होतं.

तुला भांडारात खिळे मोजायला बसवलं, तू राजीनामा देऊन गेलास, तरी मी गप्प. आई शेवटपर्यंत विचारायची, "वेंदो का येत नाही?" मी सांगायचे, "रागीट आहे, तुला माहीतच आहे त्याचा स्वभाव." तिने ते खरं मानलं. तसंच मानून गेली.

जूनमध्ये डोकेदुखीचं सांगून घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेले आणि हेन्रिएताला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "तुटलेले अर्धे भाग कुठे आहेत?" शिशाच्या डब्यात होते, चिठ्ठीवर तुझंच अक्षर. अशा अर्ध्या भागांना दोन्ही बाजूंनी नवं पोलाद जोडून पुन्हा चाचणी घेता येते. ती परदेशात करून घेतली. निकाल गेल्या सोमवारी आला. तुझ्या आकड्यापेक्षा किंचित वाईटच आहे.

इंधन बदलायला सप्टेंबरात बंद केलेली भट्टी आता सुरू होणार नाही. भांडं तापवून पोलादाचा ठिसूळपणा घालवायचा आहे. वसंतापर्यंत तरी काम चालेल, आणि मग पुन्हा चाचण्या. गावाला कळलंय. बेकरीत माझ्याशी कुणी बोलत नाही. रविवारी जेवताना रादोवान म्हणाला, "सासूबाई, दहा वर्षं काही झालं का? नाही ना? मग कशाला उकरून काढलंत?"

काही झालं नाही हे खरं आहे. तापलेल्या भट्टीत एकदम गार पाणी सोडावं लागेल आणि ठिसूळ भांडं तडकेल असा प्रसंग आला नाही, म्हणून झालं नाही. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. महिन्यातून एकदा शुक्रवारी सायरनची चाचणी होते, तेव्हा हातातलं काम सोडून मी उभी राहायचे. यूलियाची मुलगी हसायची, "आजी, नेहमीचंच आहे ते." तिच्या शाळेतून केंद्राचे मनोरे दिसतात. मी कुणाला काही सांगू शकत नव्हते.

तुला तपासणीच्या कचेरीतून पत्र येईल. जबाब द्यायला ये किंवा येऊ नकोस, तुझी मर्जी. माझा जबाब मी लेखी दिला आहे. त्यात तंत्रज्ञ वेंदेलीन याचा आकडा बरोबर होता आणि शेरा खोटा होता, असं स्पष्ट लिहिलं आहे. आलास तर माझ्याकडेच उतरायला हवं असं नाही, गावात दोन छोटी हॉटेलं आहेत. मी समोर बसलेली असले तरी बोलताना आवाज खाली आणू नकोस.

माफी मागत नाही. मागितली तर उत्तर द्यायचा भार तुझ्यावर पडेल, आणि आजवर तुझ्यावर टाकला तेवढा पुरे.

खाली 'तुझी ताई' असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते नाव तू दिलं होतंस, परत द्यायचं की नाही हे तूच ठरव. तोवर नुसती सही करते.

द्राहोमीरा