शेषाला सांगायची बातमी

अकोला, ९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप मैनाआत्यास हर्षाचा शि. सा. न.

पक्षाघातानंतर बाबा बोलत नाहीत. परवा डॉक्टरांच्या संमतीने माझ्या संशोधनाचं यंत्र घरी आणून त्यांच्या मेंदूचा आलेख घेतला. विचार करणारा मेंदू ऊर्जा जाळतो. त्याचा आलेख उलटा चालवला, तर सांडलेलं दूध भांड्यात परतताना दाखवावं तसा लगेच ओळखू येतो. गाढ झोपेत मात्र उलटा-सुलटा जवळपास सारखाच. बाबांना हरिपाठ ऐकवला, सारखाच आला. धर्मेंद्रदादा म्हणतो, बाबाले काई समजून नाई राहिलं, महिनाअखेर फिजिओथेरपी बंद करू. आत्या, मी काय करू?

लोभ आहेच, तो या वेळी जरा जास्त लागेल.
हर्षा

अमरावती, १२ जानेवारी

चि. हर्षास अ. उ. आ.

अगं विदुषी, तुझ्या बापाला, माझ्या शेषाला, हरिपाठ जन्माचा पाठ! पुढचा शब्द आधीच ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याला माहिती मिळते शून्य. शून्यासाठी मेंदूने ऊर्जा कशाला जाळावी? जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं, आणि ते माझ्याच भाचीच्या डोक्यात शिरू नये!

आजाऱ्यापुढे गोडच बोलायचं, ही आपल्या घरची खुळी रीत. शेषा ज्याच्याशी वीस वर्षं भांडला तो पुंजाजी गावच्या सोसायटीवर बिनविरोध निवडून आला, आणि तुम्ही ते लपवून बसलात. डॉक्टरांना विचारून तेच सांग. आणि धर्मेंद्रला म्हणावं, फिजिओथेरपी बंद केलीस तर आत्या येऊन तुझा व्यायाम घेईल.

रागावले आहे, माया कमी झाली असं समजू नकोस.
मैनाआत्या

अकोला, १७ जानेवारी

तीर्थस्वरूप आत्यास शि. सा. न.

जिंकलो! पुंजाजीचं नाव काढताच आलेख असा उसळला की उलटा चालवला तर शेंबड्या पोरानेही ओळखावा. खात्रीसाठी तीच बातमी पुन्हा सांगितली, तर उसळी कमी. तिसऱ्यांदा त्याहून कमी. बाबांना आधीचं आठवत होतं, आत्या! तेवढ्यात दादाला राहवलं नाही. त्याने कबूल केलं, की पुंजाजीच्या अर्जावर सूचक म्हणून सही त्याचीच आहे. आलेख पुन्हा कडाडला, आणि बाबांचा डावा हात गादीवरून उठला, थेट दादाच्या दिशेने. बाबाले काई समजत नाई म्हणणारा दादा दोन पावलं मागे सरकला. संध्याकाळी फिजिओथेरपीच्या बाईंना त्यानेच फोन केला.

तुझ्या शिव्या अशाच लाभोत.
हर्षा

अमरावती, २० जानेवारी

चि. हर्षास अ. उ. आ.

दोनदा वाचलं, मग शेजारच्या बेबीताईला बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. आलेख डॉक्टरांनाही दाखव, आणि त्या वेळी धर्मेंद्रला शेषाच्या डाव्या हाताशी खुर्चीत बसव.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने येते आहे. शेषाला अवाक्षर सांगायचं नाही. यंत्र लावून ठेव, मगच दार उघड.

सर्वांना आशीर्वाद, धर्मेंद्रला सोडून.
मैनाआत्या